पोचलीस की मिस कॉल दे

गाडी दुरुस्त झाली, असं वाक्य जनूकाकांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. कितीही आशेने विचारलं, झाली ना काका, तरी ते हातावरचं ग्रीस चिंधीला पुसत इंजिनाकडे बघत राहायचे आणि म्हणायचे, "बगूया." आधीच काळजीने अर्ध्या झालेल्या माझ्यासारख्या बाईला या एका शब्दाने आणखी घोर लागायचा. मेकॅनिकने कसं छातीवर हात मारून सांगावं, ताई, बिनधास्त जा. बोईसरात तसं सांगणारे पुष्कळ होते आणि त्यांच्याकडून बिनधास्त निघून मी तीनदा भर रस्त्यात अडकले होते. काका बिनधास्त वगैरे काही म्हणायचे नाहीत. किल्ली हातात ठेवायचे आणि वर एकच वाक्य, "पोचलीस की मिस कॉल दे."

काका जाऊन दीड वर्ष होईल. अजूनही घरी पोचून हँडब्रेक ओढला की माझा हात आधी फोनकडे जातो.

आम्ही कराडकडची माणसं. ह्यांच्या नोकरीमागे बोईसरजवळच्या पामला आलो, ती नोकरी कंपनीला टाळं लागलं तेव्हा गेली. गावी परत जायचं की इथेच काही करायचं, यावर घरात महिनाभर चर्चा झाली आणि चर्चेच्या शेवटी मी गाडी चालवायला शिकले. एक पांढरी व्हॅन घेतली, चौदा वर्षं वापरलेली, कार्बोरेटरवाली. कागद, पासिंग सगळं रीतसर करून घेतलं. नऊ मुलं मिळाली. सकाळी पाम आणि आजूबाजूच्या वस्त्यांतून त्यांना गोळा करायचं, बोईसरचा पूल ओलांडून पलीकडच्या शाळेत सोडायचं आणि साडेबाराला परत आणायचं. घरात दुसरी मिळकत नव्हती. त्या नऊ मुलांवर आमचं घर चालत होतं आणि त्या नऊ मुलांना जपण्याची जबाबदारी माझ्यावर होती, हे दोन्ही विचार मला सकाळी सहाला एकदमच जागे करायचे.

मुलं गुणी होती, एक स्वरा सोडून. म्हणजे तीही गुणीच, पण दुसरीतल्या या मुलीला पेट्रोलचा वास आला की उलटी व्हायची. आमच्याकडे हवेला कुठला ना कुठला वास असतोच, त्यामुळे आधी मी केमिकलच्या कंपन्यांना नावं ठेवली. मग लक्षात आलं की आमच्याच टाकीच्या झाकणाचं रबर झिजलंय. एवढ्या जुन्या गाडीचं रबर कुठे मिळेना. शेवटी जूनमध्ये मी दुधाच्या पिशवीचा तुकडा दुहेरी करून झाकणाखाली लावला आणि झाकण घट्ट पिळलं. वास गेला, उलट्या थांबल्या, पावसाचं पाणीही आत जाईना. स्वराच्या आईने माझं कौतुक केलं.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी गाडी बंद पडायला लागली. मुलं गोळा करत अर्धा तास व्यवस्थित यायची. पुलाच्या चढावर रांग लागली, मी क्लच दाबून उभी राहिले की इंजिनाचा सूर बिघडायचा. आधी सीट थरथरायची, मग मागे मुलांच्या पाण्याच्या बाटल्या एकमेकींवर वाजायला लागायच्या आणि एकदम सगळं गप्प. चढावर उभी गाडी, मागे केमिकलचा टँकर, टँकरच्या काचेतून दिसणारा ड्रायव्हर, आणि माझ्या व्हॅनमध्ये नऊ मुलं. दहा मिनिटं चावी फिरवत बसलं की आपोआप चालू व्हायची. ती दहा मिनिटं मी आरशात टँकरकडे बघत बसायचे आणि मुलं आनंदाने ओरडायची, कारण शाळेला उशीर होणार असायचा.

जनूकाकांचं नाव मला मासवणहून भाजी आणणाऱ्या टेम्पोवाल्याने सांगितलं. माणूस विचित्र हाय, म्हणाला, पण त्याला गाडीची भीती वाटते, म्हणून चांगला हाय. त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

पामहून बोईसरकडे येताना चिंचेखाली एक पत्र्याची शेड होती. पाटी नाही, हाताखाली माणूस नाही. काका पालघरजवळच्या माहीमच्या कोळीवाड्यातले. रोज तिथून स्कूटरवर यायचे, तीसच्या वर वेग न नेता, दोन्ही पाय रस्त्यापासून चार बोटांवर ठेवून. साठीचा, बारीक, काळासावळा माणूस. शर्ट मात्र कायम इस्त्रीचा आणि दाढी रोजची. ग्रीसमध्ये काम करणारा माणूस इतका स्वच्छ कसा राहतो, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी व्हॅन नेली त्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. मागचं दार उघडून आत बघितलं. बिस्किटांचे कागद, चिखल, कुणाचा तरी एक मोजा. शेडच्या दाराशी टेकवलेला खराटा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "धुऊन आण. घाण गाडीला मी हात लावत नाय." मला राग आला. मी काय गाडी दाखवायला आणली होती की देवाला? पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. घाणीत गळती दिसत नाही. तेल कुठून पाझरतंय, नळी कुठे फुगलीय, हे पुसलेल्या इंजिनावरच कळतं. बोटीची इंजिनं सांभाळून त्यांना ती सवय लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी व्हॅनला लग्नाला न्यावं तशी तयार करून नेली. सीट पुसल्या, कचरा काढला, इंजिनावरून ओलं फडकं फिरवलं. टाकीच्या झाकणाखालचं ते दुधाच्या पिशवीचं लक्तरही काढून घराच्या खिडकीत ठेवलं, बघून काय म्हणतील म्हणून. काकांनी चक्कर मारून सगळं बघितलं आणि मान हलवली. मला शाळेत शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. मग ती रीतच पडली. काकांकडे जायचं असलं की आदल्या दिवशी गाडीची आंघोळ, आणि घरी आलं की प्लॅस्टिक परत जागेवर, स्वरासाठी.

त्यांचं काम बघणं हा धीराचा प्रकार होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम. दोन बदलल्या तर कुठल्या गोष्टीने गुण आला ते कळत नाही, आणि ते कळलं नाही तर पुढच्या वेळी आपण आंधळेच, असं ते म्हणायचे. प्लग काढून पुसून उन्हात धरायचे. कार्बोरेटरचं बारीक भोक तारेने कधी टोकरायचे नाहीत, हवेनेच फुंकायचे. काम झालं की इंजिन चालू ठेवून एअर फिल्टरच्या डब्यावर चहाचा अर्धा ग्लास ठेवायचे आणि चहाकडे बघत उभे राहायचे. चहावर तरंग उठले की म्हणायचे, अजून थंडी वाजतेय हिला. काढलेला जुना भाग वर्तमानपत्रात बांधून मालकाला परत द्यायचे. तुमचा आहे, न्या.

माझ्या गाडीत त्यांना एक फट सापडलीसुद्धा. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरून ते प्रत्येक सांध्यावर थेंब थेंब सोडत गेले आणि एका रबरी नळीपाशी इंजिनाचा सूर बदलला. नळीला केसाएवढी चीर होती, तिच्यातून जादा हवा आत ओढली जात होती. नळी बदलली. चहा ग्लासात थिजल्यासारखा स्थिर राहिला. मी विचारलं, झाली ना काका? ते म्हणाले, बगूया. त्यांनी स्वतः व्हॅन पालघरपर्यंत नेऊन आणली, वाटेत चारदा थांबवून पाच-पाच मिनिटं उभी ठेवली. एकदाही बंद पडली नाही. मला किल्ली दिली, वर ते वाक्य दिलं.

मी घरी गेले, आनंदात प्लॅस्टिक लावलं, भाजी आणली, आणि फोन करायचा साफ विसरले. दिवेलागणीला अंगणात स्कूटर वाजली. काका. मी दारात गेले तेव्हा ते व्हॅनच्या बॉनेटवर पालथा हात ठेवून उभे होते. माहीमच्या माणसाला पाम म्हणजे उलटी वाट. मी खजील होऊन काहीतरी पुटपुटले. त्यांनी पाणी मागितलं, पूर्ण तांब्या प्यायले आणि माझीच बाजू घेतली, फोनचं चार्जिंग गेलं असेल म्हणाले. त्यांचा दुपारचा डबा स्कूटरला तसाच लटकत होता. नंतर मला टेम्पोवाल्याने सांगितलं, ज्या दिवशी कुणाची गाडी सोडली त्या दिवशी मिस कॉल आल्याशिवाय हा माणूस जेवत नाही. मला आधी हसू आलं, मग माझी मलाच लाज वाटली.

चारच दिवसांनी व्हॅन पुलावर बंद पडली.

तिथून पुढचे तीन आठवडे असेच गेले. मी गाडी न्यायची, धुऊन पुसून, ती त्यांच्यासमोर दोन दोन तास सुतासारखी चालायची, आणि दुसऱ्या दिवशी पुलावर मान टाकायची. कॉइल बदलली, पंप उघडून बघितला, वायरी तपासल्या. एकेक करत, दरवेळी बगूया. माझा संशय आता त्यांच्यावरच यायला लागला होता. त्यांचा स्वतःवर त्याहून जास्त होता. ते बारीक दिसायला लागले. एकदा ठेवलेली व्हॅन न्यायला मी पोचले तेव्हा ते तिच्या बंद बॉनेटवर कान टेकून बसले होते, आणि इंजिन चालू नव्हतं.

मग एका दुपारी पाऊस कोसळत असताना त्यांनी किल्ली स्वतःच्या हातातच ठेवली. मुलं बसवायची नाहीत, म्हणाले. कारण सापडेपर्यंत नाही. मी भांडले. पालक दुसरी व्हॅन बघतील, माझं घर कसं चालायचं, तुम्हाला काय जातंय सांगायला. माझा आवाज चढला होता. पावसामुळे पत्रा इतका वाजत होता की त्यांना माझ्या जवळ येऊन बोलावं लागलं.

"भावाची बोट होती," ते म्हणाले. "इंजिन मीच उगडलेलं, मीच बांदलेलं. बंदरावर दोन तास चालवलं. आवाज असा, की मूल झोपावं. मी बोललो, झालं, जा."

जाळं ओढायच्या वेळी इंजिन मंद ठेवतात. त्या मंद चालीत ते खोल समुद्रात बंद पडलं ते पडलंच. वारा सुटलेला. बोटीवर सहा माणसं. दोन दिवस बोट कुठे आहे ते कुणाला माहीत नव्हतं आणि दोन दिवस काका माहीमच्या किनाऱ्यावर बसून होते. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बोटीने ती ओढून आणली. सहाच्या सहा माणसं जिवंत.

"भाव उतरला, घरी गेला, जेवला. मला काय बोलला नाय. आजपत्तूर बोलला नाय. एक शिवी दिली असती तर मी सुटलो असतो."

पुढच्या हंगामाला भावाने दुसरा मेकॅनिक बघितला आणि काका बोईसरला आले. रस्त्यावरच्या गाडीतून निदान उतरता तरी येतं, म्हणून. झालं हा शब्द तेव्हापासून त्यांनी टाकला होता.

मुलांना चार दिवस शेजारच्या रिक्षातून पाठवते, असं कबूल केलं. व्हॅन मी घरी नेऊन उभी करायची आणि सकाळी सातला एक मिस कॉल द्यायचा, म्हणजे मी घरीच आहे हे त्यांना कळेल, असं ठरलं. मगच त्यांनी किल्ली दिली.

सकाळी रिक्षावाला आलाच नाही. सहा वीसला स्वरा दप्तर घेऊन माझ्या दारात उभी. मी किल्ली उचलली. हे म्हणाले, अगं. मी म्हटलं, आजचा दिवस. सातला पुलाच्या अलीकडे रांगेत उभी असताना मी काकांना मिस कॉल दिला. खोटा. रिंग गेल्यावर फोन मी उलटा करून सीटवर ठेवला. आणि नेमकी त्या दिवशी गाडी बंद पडली नाही.

शाळेच्या फाटकाशी स्कूटर उभी होती. काकांना कुणी सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, पहाटेपासून मला आतूनच बरं वाटलं नाय. मला वाटतं, ते रोजच तसे येऊन उभे राहिले असते. मी मुलं उतरवायला लागले. ते लांबूनच बोटांवर मोजत होते. नववं मूल उतरून फाटकाच्या आत गेलं, त्यांनी मान खाली घातली, स्कूटर वळवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. एक शिवी दिली असती तर, हे त्यांचंच म्हणणं मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी मी शेडवर गेले, मान खाली घालून. त्यांनी तो विषयच काढला नाही. रिक्षाचा भरवसा नाही हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. म्हणाले, उद्या मी तुझ्याबरोबर येणार. पहिल्या मुलापासून शेवटच्या मुलापर्यंत. जशी रोज निघतेस तशी नीघ.

"जशी रोज नेतेस तशीच. मला दाखवायला काय करू नको."

दुसऱ्या दिवशी पहाटेच ते पामला हजर. इस्त्रीचा शर्ट, दाढी, मांडीवर पिशवी. पिशवीत चाकाखाली घालायचा लाकडी ठोकळा होता. मुलांना पुढच्या सीटवरचे हे आजोबा भयंकर आवडले. एकाने विचारलं, आजोबा, तुम्हाला गाडी चालवता येत नाही म्हणून काकू चालवते का? काका म्हणाले, हो. पुढे कुणाशी बोलले नाहीत. एक हात डॅशबोर्डवर पालथा, नजर समोर. मी मुलं घेत गेले.

पूल आला. रांग होती. मी थांबले. सीट थरथरली, मागे बाटल्या वाजल्या. काकांनी डॅशबोर्डवरचा हात काढून घेतला, चटका बसावा तसा. इंजिन बंद.

मुलं ओरडली. काका खाली उतरले, आधी ठोकळा चाकाखाली, मग मागे. मागचा टँकर कचकन थांबला होता. ड्रायव्हर उतरून आला, आत डोकावला आणि म्हणाला, "बच्चे हैं? आराम से करो चाचा, मैं पीछे किसी को आने नहीं दूँगा." आणि खरंच तो रस्त्यात आडवा हात करून उभा राहिला. मी बॉनेटकडे धावले. काका तिकडे आलेच नाहीत. ते गाडीच्या बाजूने टाकीपाशी गेले. तीन आठवड्यांत तपासायचं फक्त तेवढंच राहिलं होतं, असं नंतर म्हणाले. त्यांनी झाकण पिळलं.

सूं करून हवा आत गेली. पुलावरच्या एवढ्या गोंगाटात तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. काका वाकून बघत राहिले. मग दोन बोटांनी दुधाच्या पिशवीचा तुकडा उचलून धरला. तो मधोमध आत ओढला जाऊन वाटीसारखा झाला होता.

टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. झाकणाला त्यासाठी बारीक भोक असतं. ते मी स्वराच्या उलटीपायी बंद केलं होतं; प्लॅस्टिक मऊ पडून भोकावर नीट चिकटायला दोन आठवडे लागले, एवढंच. अर्धा तास गाडी चालायची, मग टाकी आतून ओढ धरायची, पेट्रोल वर येईना, इंजिन थरथरून मरायचं. दहा मिनिटांत थोडी हवा कशीबशी शिरली की परत चालू. आणि काकांसमोर कधीच बंद पडायची नाही.

"ह्ये कदीपासून हाय?"

"जूनपासून."

"मंग माज्याकडं आणताना?"

"काढून ठेवायचे," मी म्हटलं. "तुम्हाला घाण चालत नाही ना."

ते पुलाच्या कठड्याला टेकले. मला वाटलं, आता बोलतील, आणि मला ते हवंच होतं. जूनपासून नऊ मुलांचा जीव मी दुधाच्या पिशवीवर टांगला होता. काका तो तुकडा बोटांत चोळत होते.

"माजी चूक हाय, बाय," ते म्हणाले. "गाडी नटवून आण, असं मीच सांगितलं. आजारी माणसाला पावडर लावून आण, असं सांगितल्यावानी."

मग ते जवळ आले आणि मला एक शिवी दिली. हळू, मुलांना ऐकू जाणार नाही अशी, कोळीवाड्यातली, अस्सल. ती मी इथे लिहीत नाही. दिल्यावर दोघांनाही हलकं वाटलं. चावी फिरवली, पहिल्या झटक्यात गाडी चालू झाली, टँकरवाल्याने हात केला. शाळेशी काकांनी पुन्हा नऊ मोजले.

झाकणाचं रबर त्यांनी आठवडाभरात टायरच्या ट्यूबमधून कापून बनवलं, मधलं भोक मोकळं ठेवून. त्या दिवसापासून शेडच्या दारातला खराटा आत गेला. आता गाडी आहे तशी आणायची, ती ते आधी घाणेरडीच बघणार, मग धुवायला लावणार. आणि येईल त्या माणसाला पहिला प्रश्न एकच. टेम्पोवाला असो, स्कूटरवाला असो, बॉनेटला हात लावायच्या आधी ते विचारायचे, "माज्याकडं येताना काय काडून ठेवलंस?" माणसं गडबडायची. पण काही ना काही निघायचंच.

व्हॅन पुढे बरीच वर्षं चालली. मी रोजचा मिस कॉल द्यायला लागले, गाडी शेडवर गेलेली असो नसो. सकाळी एक, दुपारी एक. त्यांनी तो कधी उचलला नाही. एक रिंग, आणि तिकडे डब्याचं झाकण उघडत असणार.

शेवटी त्यांनी शेड बंद केली. स्कूटर झेपेना म्हणाले. हत्यारांची पेटी माहीमला पोचवायला मी व्हॅन घेऊन गेले. पेटी उचलताना ते दोनदा थांबले, दम खायला. वाटेत मी रेडिओ बंद केला आणि त्यांचा श्वास ऐकत राहिले. चढ नसताना धाप लागत होती. काकांची बायको, आमच्या काकू, मला फोनवर बोलल्या होत्या. दोन डॉक्टर झाले, दोघांनीही ठीक आहे म्हणून परत पाठवलं, कारण हे जातात ते इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, आणि सांगतात, बरं हाय, बायकोला उगाच काळजी.

घराशी गाडी थांबवली आणि इंजिन चालूच ठेवून मी त्यांना त्यांचाच प्रश्न विचारला. डॉक्टरकडे जाताना काय काढून ठेवता, काका?

ते हसले. बराच वेळ व्हॅनचा आवाज ऐकत बसले.

"छातीत ओडल्यासारकं होतं," ते म्हणाले. "चार म्हैने झाले."

मी त्यांना शपथ घातली. उद्या सकाळी जायचं, दाढी न करता, आहे तसं, आणि हे वाक्य जसंच्या तसं डॉक्टरला सांगायचं. सांगून झालं की मला मिस कॉल. त्याशिवाय मी जेवणार नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उतरले. गल्लीच्या तोंडाशी सुकत टाकलेल्या बोंबलांच्या वाळवणाजवळ ते उभे होते, पेटी पायाशी, माझ्या गाडीचं मागचं चाक बघत. आरशात मला ते वळणापर्यंत दिसले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी व्हॅन लावून बसले. फोन मांडीवर, डबा शेजारी. अकरा वाजले, बारा वाजले. एखाद्याच्या एका रिंगची वाट बघणं म्हणजे काय, हे एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं. साडेबाराला घंटा झाली आणि तेवढ्यात फोन वाजला. एक रिंग, बंद. मी डोळे पुसले आणि मुलं यायच्या आत डबा उघडला.

चार महिन्यांनी काका गेले. बाराव्याला माहीमला गेले तेव्हा मी काकूंना म्हटलं, निदान तिसऱ्या डॉक्टरला तरी सगळं सांगितलं होतं ना त्यांनी. काकूंनी माझ्याकडे बघितलं. कुठला तिसरा, म्हणाल्या. त्या दिवशी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओटीवर बसून राहिले होते. कुठेही गेले नाहीत. साडेबाराला मात्र फोन मागून घेतला, एक रिंग दिली आणि म्हणाले, पोर उपाशी बसली असेल.

मी त्या दिवशी पोटभर जेवले होते.